तळ दिसू द्या, नाना

नाही नाही नाही, लोटन नाना, ट्रॉली उचलू नका! अहो हात जोडतो, त्या दांडीवरचा हात काढा आधी. मुरूम काय पळून जातोय का? टाका ना, मी कुठे नको म्हणतो, पण जरा थांबून टाका. शांतीलाल शेठनेच पाठवलंय तुम्हाला, मला माहितीये — हौद बुजवा, वर कोबा करा, त्यावर ते लाल बदामाचं थर्माकोल उभं करा, नवरानवरी त्यात डोकं घालून फोटो काढतील. पण शेठ आणखी एक बोलले होते, ते तुम्हाला नाही सांगितलं? मला म्हणाले, "नवनीत, तळ दिसला तर ठेवू, नाही दिसला तर बुजवू." मंडपवाला होता तिथे, त्याला विचारा. आणि तळ — हे बघा, इकडे या, कठड्यावर वाका — पायरी दिसते की नाही? तिच्या खालची पण दिसते ना, अंधुक? परवापर्यंत इथे पाणीच दिसत नव्हतं. वाटायचं कोणी मेहंदी कालवून ठेवलीये.

इंजिन बंद करा ना. सेल गेलाय, बंद केलं की पुन्हा चालू होत नाही? मग धक्का मी मारीन. एकट्याने, हो, बघत काय बसता, माळ्याचे हात आहेत. नको? बरं राहू द्या. पण तुमचं ते धडधडतंय ना, त्याने पाणी थरथरतंय, बघा, चहा उतू जायच्या आधी थरथरतो तसं. थरथरत्या पाण्यात तळ कसा दिसणार? बरं, बरं, राहू द्या. बसा. तंबाखू मळा. मी नाही खात, पण तुम्ही मळा, निवांत मळा.

मी एवढा बोलत नाही हं कधी. या लॉन्सवर कोणालाही विचारा, आचारी मला मुका म्हणतो. आज काय झालंय काय माहीत, सकाळपासून हसूच येतंय. झारीने गुलाबाला पाणी घालत होतो तर खुर्च्यांना घातलं.

तर हे पाणी. ते हिरवं का होतं, सांगू? लग्नाला लोक येतात, अक्षता उरल्या की हौदात, हाराची फुलं हौदात, पोरं जिलबी टाकतात मासे खातील म्हणून. ते सगळं कुजतं, वरून ऊन — मग ते बारीक हिरवं, डोळ्याला दिसत नाही असलं, ते माजतं. शेठ म्हणायचे पाणी बदल. मी बदलायचो. बोअरचं स्वच्छ पाणी भरायचो आणि आठवडा नाही जात की पुन्हा मेहंदी. मग शेठने ब्लीचिंग टाकायला लावलं, तर मासे वर आले, पांढरी पोटं करून, आणि हिरवं गेलं नाही ते नाहीच. मग मी अक्कल चालवली — तापीतून जलकुंभी आणली. कोणीतरी सांगितलं होतं की ती पाणी साफ करते. करते, नाना, खोटं नाही! पण ती एवढी पसरली, एवढी पसरली, की एका वऱ्हाडातल्या म्हातारबाबांना ते गवत वाटलं आणि ते सरळ चालत आत. फेट्यासकट. हसू नका, मला शिव्या पडल्या! म्हणजे खालचं पाणी नितळ झालं असेलही, पण बघणार कोण आणि कुठून?

मग ममताने सांगितलं.

ममता म्हणजे — कोणी नाही. म्हणजे आहे. कोरीटकडे ते शिंगाड्याचं तळं आहे ना, बेबीबाईंचं, ठेक्याचं, त्यांची मुलगी. शिंगाडे घ्यायला गेलो होतो. शिंगाडे मला आवडत नाहीत, पण घ्यायला गेलो होतो. त्यांच्या तळ्याचं पाणी बघितलं तर एवढं मोठं तळं आणि खाली मासा वळला की त्याची सावली दिसते. मी विचारलं कसं काय? नाही — विचारलं नाही, नुसता बघत उभा राहिलो. तीच म्हणाली, "काय देखी ऱ्हायना भाऊ, पानी कधी देखं नही का?"

भाऊ म्हणाली, हो. पहिल्यांदा भाऊच म्हणाली. दुसऱ्यांदा "ओ नवनीतभाऊ". मग "ओ माळी". आणि आता नुसतं "ए". नाना, "ए"! तुम्ही हसताय, पण भाऊपासून ए पर्यंत यायला मला किती शिंगाडे खावे लागले ते माझं पोट जाणे.

तर ती म्हणाली, पाणी बदलू नको, पाण्यात शेवाय टाक. शेवाळ हो, ती शेवाय म्हणते. मी म्हटलं, अगं शेवाळ घालवायला शेवाळच? तर म्हणते, ते वेगळं आणि हे वेगळं. हे पाण्याखाली वाढतं, मांजराच्या शेपटीसारखं, काळपट, आणि त्या बारक्या हिरव्याच्या ताटातलं सगळं आधीच खाऊन टाकतं. आणि वर पोयणी लाव, कमळाची धाकटी बहीण, तिची पानं सावली धरतील. हिरव्याला जेवण नाही, ऊन नाही, मग ते जाईल कुठे? मरेलच. पण निम्म्यापेक्षा थोडं जास्त झाकायचं, सगळं नाही — "तुन्ही जलकुंभीसारखं नको करू." तिला ती फेट्याची गोष्ट कोणी सांगितली काय माहीत. मीच सांगितली असेन. आणि कारंजं बंद ठेव म्हणाली, पोयणीला पाण्याचे शिंतोडे आवडत नाहीत. शेठ चालू करायचे, मी बंद करायचो. शेवटी मी बटणच काढून ठेवलं, ते अजून माझ्या खिशात आहे — हे बघा. सांगू नका.

तिने घमेल्यातून शेवाळ दिलं, पोयणीचे गड्डे दिले. घमेलं परत करायला गेलो, पुन्हा दिलं, पुन्हा परत करायला गेलो. आणि एकदा घमेल्यात... नाना, तुम्ही कोणाला बोलायचं नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत मी पैंजण घेतले होते. चांदीचे नाहीत, पांढऱ्या धातूचे, पण घुंगरू बरे वाजतात. यात्रेपासून गादीखालीच होते. हातात द्यायची हिंमत कोणाची? मी नववीत शाळा सोडली ती बाईंनी कविता म्हणायला उभं केलं म्हणून, असला मी. तर कागदात गुंडाळले, रिकाम्या घमेल्यात ठेवले, वर गोणपाट टाकलं, घमेलं बेबीबाईंच्या दारात ठेवलं आणि सायकल अशी हाणली, अशी हाणली, की चेन पडली तरी पळतोय, सायकल हातात धरून!

मग? मग ती आली ना इथे. मागच्या बाजारच्या दिवशी, आईला भाजीबाजारात बसवून. पोयणी नीट लागली का बघायला. हा असा सगळा हौद हिरवा, आणि ती तिथे, तुम्ही बसलात ना तिथेच, उभी. पायात काही नाही, मी आधी पायच बघितले. मी विचारलं — म्हणजे विचारायला तोंड उघडलं. तिने मुठीतलं काहीतरी पाण्यात टाकलं. म्हणाली, "तुन्हं उत्तर पानीमा शे. पानी नितळनं का दिसी. हात घालीसन शोधानं नही." नितळलं की दिसेल म्हणे, येत्या बाजारला बघू म्हणाली, आणि गेली.

आता तुम्ही सांगा, काय टाकलं? पैंजणच. पण दोन्ही टाकले तर काय झालं? परत केले. संपलं. आणि एकच टाकला असेल, तर दुसरा? दुसरा तिने ठेवला ना! आवाज? तेच तर सांगतोय, नाना! डुबुक झालं ते एकदा की दोनदा — मला ऐकूच आलं नाही, त्याच वेळी तो डीजेवाला "हॅलो चेक, हॅलो चेक" करत होता! मी त्याच्याशी अजून बोलत नाही.

हात घालून बघ म्हणता? नाही. ती नाही म्हणालीये. काठी पण नाही, काठी म्हणजे हातच झाला. आणि आज बाजार आहे. आणि आज तुम्ही मुरूम घेऊन आलात. आता कळलं मी का नाचतोय?

इंजिन बंद केलं? नाना... खरंच बंद केलंत? देव भलं करो तुमचं, धक्का मी मारतो, कोरीटपर्यंत मारतो. थांबा. श्वास पण हळू घ्या. बसतंय पाणी. बघा, बसतंय... तिसरी पायरी. ती फरशी, निळी फरशी! तळ आहे, नाना, तळ! आणि ते चमकतंय ते — शेवाळाच्या बाजूला, वेटोळं घालून — पैंजण! आहे ना? शेठला फोन लावा, तुम्हीच सांगा, माझं कोणी ऐकत नाही, तळ दिसतो म्हणावं. काय दिसतं म्हणून विचारलं तर फरशी सांगा. पैंजण नका सांगू!

काय म्हणाले? राहू दे? मुरूम पार्किंगमध्ये? बघा, माणूस वाईट नाही.

पण दुसरा कुठे आहे? एक हा. दुसरा... त्या पानाखाली असेल का? एक पान सगळ्यात मोठं वाढलं ते नेमकं तिथेच. तुम्हाला दिसतो? नीट बघा ना, तुमचा मोतीबिंदू काढलाय म्हणालात. नाही? मला पण नाही, पण पानाखालचं कोणाला दिसतंय? पान उचलू? पान उचलणं म्हणजे हात घालणं झालं का? झालंच. नाही उचलत. अरे देवा, सावलीसाठी मीच लावलं ते—

थांबा. गप्प बसा जरा.

फाटकाकडे. खडीवर कोणीतरी चालतंय. ऐकलं? छुम. मग नुसती खडी. मग छुम. मग नुसती खडी. नाना, एकच पाय वाजतोय! एकच!

हसू नका, वळून बघू नका, वळू नका ना! माझा शर्ट बरा आहे का? चिखल? कुठे? असू दे. नाना, आता तुम्हीच बोला काहीतरी. पाण्याचं बोला, मुरमाचं बोला, काहीही. इतका वेळ मी बोललो ना, मला आता—