आमाला वास येत नाय

वास? कसला वास, मॅडम? — बसा ना, उभ्या कशाला — आमाला तर नाय येत. तुमी कंपनीच्या ऑफिसातनं एवढ्या उन्हाच्या आलात, तक्रार खरी की खोटी बघायला, तर लिहून टाका, धोंडाबाईला वास येत नाय. तो रुमाल कशाला धरलाय नाकाला? सर्दी झालीय? होते, होते, आमच्या गावात पाहुण्याला सर्दी होतेच.

तक्रार त्या शेजारच्या बारकीनं केली ना? लई नाजूक नाक तिचं. म्हणते, आंबलेल्या लोण्यासारखा येतो, कोणी वकल्यासारखा येतो. लोणी कधी बघितलं तरी हाय का तिनं? माझा सतीश तुमच्या कंपनीतच टाकीवर कामाला — कल्याणच्या हॉटेलांचं खरकटं, मंडईतला सडका भाजीपाला, सगळं कुजवायचं, त्यातनं आंबट रस काढायचा, मग त्या रसाचं पुढं विमानाचं तेल. खरकट्यावर विमान उडवतो माझा पोरगा! आता मुरबाडचा जीपवाला त्याला आत बसू देत नाय, मागं लटकवतो, ती गोष्ट वेगळी. हवा लागते तेवढीच. यंदा पर्मनंट करणार हायत त्याला, म्हणून सांगते — वास नाय.

सून? पौर्णिमा आसनगावला हाय, माहेरी. पहिलं बाळंतपण माहेरीच असतं ना. — सातव्यात नाय ओ, तिसऱ्यातच गेली. म्हणजे... वकाऱ्या व्हायच्या तिला. सगळ्यांनाच होतात. हिला फक्त सतीश घरात आला की व्हायच्या. लिंबू झालं, बेसन झालं, चुलीतली राख झाली, घासून घासून कातडी सोलली त्यानं. जात नाय ओ. परवा भेटायला गेला तर अंगणातनंच बोलून आला, जेवला पण नाय. लई वाईट वाटतं मॅडम. उद्या बाळ झालं, तर त्याला उचलून तरी घेऊ देतील का, हीच भीती हाय मला. — हे कशाला लिहिता? खोडा, खोडा ते! कंपनी बंद झाली तर बाळाला काय विमानाचं तेल पाजू?

उठा आता. सतीश आला. त्याच्यासमोर पौर्णिमाचं नाव काढू नका. — दारात काय बघता? दिसंल कसा, वळणाच्या पलीकडं असंल अजून...

आता माझ्याकडं काय बघता? लिहा ना — वास येत नाय. आणि निघा.