डाय मागे फिरवलीस का?

लेना: ही पुंगळी पण मापाला बरोबर आहे, डॅड. सगळ्याच बरोबर आहेत.

हॅल्वर: मग दे इकडे, रिकाम्या पुंगळ्यांची परत काडतुसं भरून टाकतो. शनिवारी एल्कच्या शिकारीचा हंगाम उघडतोय. ड्वाइट उजाडायच्या आत दारात हॉर्न वाजवत उभा राहील. अख्ख्या बिटररूट खोऱ्यात एवढा उतावळा शेजारी माझ्याच वाट्याला आलाय.

लेना: थांब. भरू नको.

हॅल्वर: आता काय झालं?

लेना: मी खोटं बोलले.

हॅल्वर: मापाबद्दल? या टेबलापाशी बसून?

लेना: तुझा चेहरा बघून धीर होईना. पुंगळ्यांचे खांदे खाली दाबले गेलेत. आपल्या रायफलीच्या चेंबरपेक्षा दोन-तीन केसांच्या जाडीएवढ्या आखूड आहेत. एकूण एक.

हॅल्वर: शक्यच नाही. याच रायफलीतून उडवून फुगवल्यात त्या. शिंप्याने अंगावर बेतावं तशा चेंबरला बसलेल्या. तुझ्या आईनेच उडवल्या, ट्रकचा फाळका पाडून त्यावर बसून. दंड काळानिळा झाला, तरी बाई बंदूक हातची सोडेना!

लेना: होत्या बेतलेल्या. तू प्रेसमध्ये घालून परत दाबल्यास. ही पुंगळ्या दाबायची डाय बघ, पार खालपर्यंत आवळलेली आहे.

हॅल्वर: ती ड्वाइटच्या पुंगळ्यांसाठी. काडतूस दोघांचं एकच, पण त्याच्या रायफलीचं चेंबर आखूड. त्याचं काम झालं की मी डाय मागे फिरवतो, म्हणजे आपल्या पुंगळ्या जास्त दाबल्या जात नाहीत.

लेना: त्याचं काम कधी केलंस?

हॅल्वर: मागच्या पानगळीत. तुझ्या आईला पुरलं, त्याच आठवड्यात. घरात बसवत नव्हतं, म्हणून मीच मागून आणल्या त्याच्याकडून.

लेना: म्हणजे वर्षभर अशाच दाबतोयस. आणि उडवतोयस.

हॅल्वर: बोल्ट लोण्यासारखा बंद व्हायचा. मला वाटलं, रायफलही माझ्यासारखी सैलावली. ती वाकडी तार दे, पुंगळीच्या आतून फिरवून बघतो.

लेना: मी बघितलंय आत.

हॅल्वर: दे म्हटलं ना. ... हं. अडकतेय. बुडाशी चर पडलाय.

लेना: दर बाराला ताणून पातळ झालीय; पुढच्या बाराला तिथेच तुटली असती. तुझ्या गालाशी.

हॅल्वर: तुझी आई विचारायची. इथे समोर बसून हकलबेरी निवडत असायची, बोटं जांभळी. मान वर न करता विचारायची, "हॅल, डाय मागे फिरवलीस का?" दर वेळी. मी खेकसायचो, दूधखुळा समजतेस का मला?

लेना: आणि मग?

हॅल्वर: मग काय, गुपचूप फिरवायचो. इतकी वर्षं वाटत होतं, माझ्याच लक्षात असतं.

लेना: विसरतो माणूस, डॅड.

हॅल्वर: चुलीवर कॉफी जळून भांडं काळं झालं, तेव्हाही हेच म्हणालीस.

लेना: प्रेस मी घेऊन जाऊ का? मिसूलाला, माझ्याकडे?

हॅल्वर: ने. रायफलचा बोल्टही काढून ने. रायफल तेवढी भिंतीवर राहू दे. आणि ड्वाइटला फोन कर, म्हणावं, म्हाताऱ्याचा गुडघा धरलाय.

लेना: गुडघ्याला काय झालंय तुझ्या?

हॅल्वर: काही नाही. तेवढं खोटं चालतं.

लेना: बरं. सांगते.

हॅल्वर: पोरी, त्या खुंटीवर तुझ्या आईचा कोट आहे. उजवा खिसा बघ. बार काढला की पुंगळी गरम असते ना. थंडीत एखादी मुठीत धरून हात खिशात घालायची.

लेना: आहे. अगदी तळाला, अस्तरात गेलीय.

हॅल्वर: त्या पुंगळीला प्रेस लागलेला नाही. मोज.

(कॅलिपर सरकल्याचा बारीक आवाज.)

लेना: बरोबर आहे, डॅड. चेंबरएवढीच.

हॅल्वर: या वेळी खरं?

लेना: या वेळी खरं. तार देऊ?

हॅल्वर: नको. दे इकडे. गार पडलीय, जरा मुठीत धरतो.