कोंडूचा बड्डे

—तिकिटाचं नाय हो बोलत मी, भाऊ. तुमचा तो पत्र्याचा रोबोट लाल डोळे मिचकावून हिंदीत भविष्य सांगतोय, सांगू द्या. फक्त भोंग्यावर एकदा बोला — मघाशी ऐकलं ते चूक, त्या पोराचं नाव कोंडू. एवढंच. — हसताय काय? तुमीच ना माईक धरलात त्याच्या तोंडापुढं, ‘आज बड्डे कुणाचा, नाव सांगा, मोठ्यानं सांगा’ म्हणून? सांगितलं पोरानं. खरं नाव, खरा दिवस. आणि वर तुमी तेच पुन्हा ओरडलात! सगळ्या म्हसाच्या जत्रेनं ऐकलं. मी तिकडं जिलबी घेत होते, पुडा हातातून सुटला माझ्या.

लपवलेलं होतं हो ते. — कुणापासून? पोरं नेते तिच्यापासून, तिचं नाव कशाला घ्यायला लावता! आधीची दोन गेली माझी. एक पाचवीच्या दिवशी, एक दात यायच्या आत. ह्याच्या वेळी सासू म्हणाली, पोर आपलं म्हणायचंच नाय. जन्मला तसा शेजारच्या सकुबाईच्या ओटीत टाकला नि सूपभर कोंडा देऊन परत घेतला — म्हणून कोंडू. कोंड्याच्या मोलाचं पोर, त्याला न्यायला कोण कशाला येईल? खरं नाव आत्यानं कानात सांगितलं, एकदाच. शाळेत जन्म एक जूनचा लावलाय मास्तरांनी, सगळ्याच पोरांचा लावतात — मला बरंच झालं. नऊ वर्षं ओवाळलं नाय त्याला. झोपलेला असला तरी टक लावून बघितलं नाय मी.

मग त्याला कळलं कसं म्हणता? — मीच. मीच सांगितलं, काल. गुरुजींच्या पोरानं केक कापला, हा रडत आला, मलाच का बड्डे नाय? मला राहवलं नाय. म्हटलं, आहे रे राजा, तुझाही आहे, उद्याच आहे, नावपण आहे, कुणाला सांगू नकोस. आमच्या शेणव्याहून दोन एस्ट्या बदलून जत्रेला आणला — आणि मीच...

आत नुसती टेप आहे म्हणता? नसेल ऐकत तुमचा रोबोट. त्याला कोण भितंय!

तो बघा, भेळेच्या गाडीपाशी तोंड फुगवून बसलाय. रोबोटचा हेडफोन कानावरून काढून ओढत बाहेर आणला ना, तर म्हणतो, माझा बड्डे घालवलास. — ए कोंडू, हिकडं ये. — बघत नाय. मघापासनं त्या नावाला ओ देतच नाय. — कोंडू! अरे तिकडं नको, बैल सोडलेत तिकडं — कोंडू! — कुठं गेला? भाऊ, तुमी वर फळीवर उभे, तुमाला दिसतोय का? निळा शर्ट. नीट बघा ना. — नाय?

माईक घ्या. हाक मारा त्याला. — नाय, कोंडू नको. त्या नावानं नाय वळायचा.

मघाशी ओरडलात तेच ओरडा. मी कान झाकते. मारा लवकर.