जावक बंद आहे

जेलर : म्हणजे माणूस आत घेता येतो, पण बाहेर सोडता येत नाही?

इंजिनिअर : सध्या तरी तसंच झालंय, साहेब.

जेलर : मग तुरुंगाचं निम्मं काम उरकलं म्हणायचं.

इंजिनिअर : चेष्टा नका करू हो. सकाळपासून या सर्व्हररूममध्ये बसून पाठीचा पार काटा ढिला झालाय माझा.

जेलर : चेष्टा कुठली, बाई? तुम्हीच म्हणालात, एक कमांड द्यायची, पॅकेज मॅनेजर सगळं आपलं आपण लावतो, जेवायच्या आत नवी सिस्टिम चालू. जेवण झालं, चहा झाला. आणि हा सुतार बघा, दारात उभा आहे. आज सुटका आहे त्याची.

सुतार : असू द्या साहेब, ताईंना त्यांचं काम करू द्या. मी आपला कप न्यायला आलो.

इंजिनिअर : काका, सुटकेच्या दिवशी कप कसले विसळताय?

सुतार : हात रिकामे राहिले की सुचत नाही काही. काय बिघडलंय पण नेमकं?

इंजिनिअर : बिघडलं असं नाही. नवी सिस्टिम म्हणजे एक मोठा प्रोग्राम नाही, पुष्कळ लहान लहान प्रोग्राम आहेत. प्रत्येकजण आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या डब्यात. कैद्यांची आवक एकात, कॅमेरे दुसऱ्यात, जावक तिसऱ्यात. हे कंटेनर या सगळ्या मशिनींवर मिळून चालतात, त्याला क्लस्टर म्हणायचं. कुणाला उभं करायचं ते पॅकेज मॅनेजर सांगतो. बाकीचे सगळे उभे राहिले, जावकचा काही राहीना.

सुतार : का बरं?

इंजिनिअर : जावकच्या पॅकेजच्या पोटात आणखी एक छोटं पॅकेज निघालं. त्याला लागणारी फाइल मी आणलेल्या डिस्कवर नाही. पॅकेज मॅनेजर ती इंटरनेटवरून मागतोय.

जेलर : इंटरनेट इथे नाही. तुरुंग आहे हा.

इंजिनिअर : तेच तर. मग तो मागतो, मिळत नाही, जरा थांबतो, परत मागतो. दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबतो.

जेलर : रजेचा अर्ज करणारे असतात आमच्याकडे, तसाच आहे की.

सुतार : कपाट उभं राहिलं आणि बिजागरीच आली नाही.

इंजिनिअर : अगदी बरोबर. पण साहेब, यांना साध्या कागदावर सोडता नाही येणार? तुम्ही सही करा, शिक्का मारा…

जेलर : किल्ली माझ्या कमरेला होती तेव्हाच्या गोष्टी त्या. आता गेट सिस्टिमला विचारतं. तिच्यात सुटकेचा दाखला नसेल तर वरून खास हुकूम आल्याशिवाय ते तसूभर हलत नाही. तुमच्यासाठीसुद्धा नाही.

इंजिनिअर : माझ्यासाठी?

जेलर : तुमची नोंद सकाळी जुन्या सिस्टिमवर झाली. ती तुम्हीच काढून टाकलीत. संध्याकाळच्या मोजणीत तुम्हाला धरायचं की नाही, हाच विचार करतोय मी.

इंजिनिअर : अहो, काहीतरीच काय!

जेलर : सहाला गेट बंद होतं. उद्या-परवा सुट्टी. नंतर सोमवार. हे मात्र चेष्टेत नाही सांगत.

इंजिनिअर : थांबा. एक रस्ता आहे. पॅकेज मॅनेजर आधीची आवृत्ती विसरत नाही. त्याला सांगितलं की मागे जा, तर तो जुनी सिस्टिम होती तशी परत उभी करतो. फार वेळही लागत नाही.

जेलर : मग हातावर हात ठेवून बसलात कशाला?

इंजिनिअर : ऑफिसात सरांना विचारल्याशिवाय नाही करता येत. तो फोन द्या जरा इकडे… हॅलो, सर? मी बोलतेय. नाही, जावक अजून नाही… हो, एक फाइल राहिली… नाही सर, ती आपल्या यादीतच नव्हती… मी म्हणत होते, आजच्यापुरतं मागे जाऊ या. इथे एका माणसाची सुटका… हो, आजच… काय? कधी कळवलंत?… अहो पण सर, चालू कुठे झालीय?… लिहून? त्यांच्याकडून?… बरं. ऐकलं मी. विचारते.

जेलर : तोंड का उतरलं?

इंजिनिअर : सरांनी दुपारीच वर कळवून टाकलंय की नवी सिस्टिम सुरू झाली. आता मागे गेलो तर सगळ्यांसमोर तोंडघशी पडू म्हणतात. राहिलेली फाइल सोमवारी पाठवतील.

जेलर : आणि तुम्ही सोमवारपर्यंत इथेच?

इंजिनिअर : माझ्यासाठी वरून हुकूम काढून गेट उघडायला लावतील.

जेलर : वा. आणि हा?

इंजिनिअर : कैद्यासाठी हुकूम मागितला तर जावक बंद असल्याचं वर कळेल, म्हणून यांच्याकडून लिहून घे म्हणतात. तांत्रिक अडचण आहे, सोमवारपर्यंत राहायला माझी हरकत नाही, असं.

जेलर : कायद्यात असल्या सहीला काडीची किंमत नाही. पण सोमवारी विचारायला कोण बसलंय म्हणा.

सुतार : द्या की ताई. कुठे करायची सही?

इंजिनिअर : काका?

सुतार : तुमची नोकरी का घालवायची? इतकी वर्षं गेली, दोन दिवसांनी काय होतंय. द्या पेन.

जेलर : ए बाबा, शुद्धीवर आहेस ना? सकाळपासून तो पोरगा बाहेर उन्हात ताटकळतोय.

इंजिनिअर : कोण पोरगा?

जेलर : याचा जावई. गाडी घेऊन आलाय सासऱ्याला न्यायला.

सुतार : त्याला सांगा, सोमवारी ये. समजूतदार आहे म्हणतात.

इंजिनिअर : म्हणतात म्हणजे?

सुतार : मी कुठे पाहिलाय त्याला? मी आत आलो तेव्हा लेक शाळेत होती. भेटायला येऊ नकोस, असं मीच बजावलं होतं. लग्न झाल्याचं चिठ्ठीतून कळलं. आता हा येणार, मला गाडीत घालणार आणि घरापर्यंत आम्ही दोघंच. काय बोलू मी त्याच्याशी? मुलीचा बाप म्हणून चार शब्द बोलायचे, तर कुठल्या तोंडाने? विचारलं त्याने, काय झालं होतं तेव्हा, तर काय सांगू?

जेलर : हे कधी बोलला नाहीस.

सुतार : सकाळपासून उभा आहे दारात, साहेब. आतून सारखं वाटतंय की यंत्र चालू होऊ नये. ताई, तुम्ही वैतागला होता आणि मला बरं वाटत होतं. राग मानू नका. दोन दिवस मिळाले तर जरा मनाची तयारी करीन.

इंजिनिअर : इतक्या वर्षांत नाही झाली, ती दोन दिवसांत होणार?

सुतार : नाही व्हायची. पण दोन दिवस तर निघतील.

इंजिनिअर : साहेब, गेटबाहेरचा कॅमेरा कुठला?

जेलर : का?

इंजिनिअर : कॅमेऱ्यांचा कंटेनर उभा आहे. बघू या ना, कोण आहे ते. हा का? पांढरी गाडी?

जेलर : हाच. चौकशीला आला होता माझ्याकडे, चार शब्द बोलताना सहा वेळा अडखळला.

इंजिनिअर : काका, इकडे या. या हो, तो काही तुम्हाला बघत नाहीये.

सुतार : बारीक आहे की अगदी.

इंजिनिअर : काय करतोय तो? पुढचं दार उघडलं… सीट पुसली… बंद केलं. आता मागचं उघडतोय.

जेलर : अर्धा तास हेच चाललंय. मला वाटलं, काही हरवलंय.

इंजिनिअर : मागचंही बंद केलं. परत पुढचं. अहो, तुम्हाला कुठे बसवायचं हेच ठरत नाहीये त्याचं!

सुतार : खरंच की. मागे बसवलं तर ड्रायव्हरसारखं वाटेल. आणि पुढे बसवलं तर…

जेलर : तर सासरा शेजारी. सगळ्या वाटेभर.

सुतार : घाम पुसतोय बघा. आता शर्ट खोचतोय. पुन्हा बाहेर काढला… अरे बाबा, राहू दे. चांगला दिसतोयस.

इंजिनिअर : काका, पेन हवंय का तुम्हाला?

सुतार : परत पुढचं दार उघडलं त्याने.

इंजिनिअर : मी विचारलं, पेन हवंय का?

सुतार : नको, ताई. उन्हात किती वेळ उभा करायचा त्याला?

इंजिनिअर : साहेब, मागे गेलो की आजच्या आवकच्या नोंदी पुसल्या जातील. नवी चढवल्यावर जे आत आले, ते सिस्टिमच्या लेखी आलेच नाहीत असं होईल.

जेलर : त्या मी हाताने भरीन. तुम्ही दाबा काय दाबायचं ते.

इंजिनिअर : दाबलं. कॅमेरा आता बंद पडेल, काका. तोही नव्यातलाच आहे.

सुतार : पडू दे. पाहायचं ते पाहून झालं.

जेलर : किती वेळ?

इंजिनिअर : एकेक करून नवे उतरतायत, जुने चढतायत. हं. जावक आली. नाव दिसतंय यांचं. साहेब, दाखला काढा.

जेलर : चल रे. कप ठेव खाली, ते सरकारी आहेत.

सुतार : ताई, येतो.

इंजिनिअर : येतो नाही म्हणायचं इथे.

सुतार : खरं की. जातो. बरं असा.

(जेलर आणि सुतार जातात. फोन वाजतो, थांबतो, पुन्हा वाजू लागतो. थोड्या वेळाने जेलर एकटाच परत येतो.)

जेलर : गेला एकदाचा. फोन उचला की, कधीचा वाजतोय.

इंजिनिअर : हॅलो. हो सर, मीच केलं. जुनी चालू आहे… नाही, त्यांनी काही लिहून दिलं नाही… नाही, मी लिहून घेतलंच नाही… हो. कळलं… हो म्हटलं ना सर, कळलं.

जेलर : काय म्हणतात?

इंजिनिअर : आत्ताच्या आत्ता नवी परत चढव, सोमवारी फाइल येईपर्यंत जागेवरून हलायचं नाही. काम टाकून गेटबाहेर पाऊल टाकलंस तर पुन्हा ऑफिसची पायरी चढू नकोस.

जेलर : जुन्या सिस्टिमवर तुमची नोंद आहे, बाई. नवी चढवलीत की गेली. गेट उघडं आहे अजून थोडा वेळ. मी काही सांगत नाही, नुसतं कानावर घालतोय.

इंजिनिअर : घरी आई आहे, साहेब. दोघींचं माझ्या पगारावर चालतं.

जेलर : हं.

इंजिनिअर : दुसरीकडे मिळेलच असंही नाही.

जेलर : नाही.

इंजिनिअर : तुम्ही म्हणा ना काहीतरी.

जेलर : मी काय म्हणू? मला फक्त वेळ बघता येते. पाच मिनिटं आहेत.

इंजिनिअर : गेटवर माझी बॅग कुणाकडे मागायची?