काल केलेली सही

इंटरनेट कंपनीच्या कचेरीत शिकवणीच्या बाई खिडकीशी भांडत होत्या. रांगेत मागे उभा असलेला शिंपी आपलं गाऱ्हाणं विसरून कान देऊन ऐकू लागला.

“बाई, तुमची तक्रार मिटलीय. इथे तसं दिसतंय.”

“मग मुलांना इथेच शिकायला बसवते! पाच आठवडे नेट बंद आहे. बारातली नऊ मुलं सोडून गेली.”

“आमचा माणूस दुरुस्ती करून गेलाय. तुमच्या मिस्टरांनी काल सहीसुद्धा केलीय.”

“काल? त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.”

“कुठे गेलेत?”

“वारले हो!”

“अस्सं. मग आधी कनेक्शन तुमच्या नावावर करा. हा अर्ज भरा, खाली जुन्या ग्राहकाची सही लागेल.”

“भरते की. पण यावर त्यांची सही तुम्हीच घेऊन या. मला नाही भेटत ते, तुम्हाला भेटतात.”