उभ्या उभ्या डोंगर

(राणीसावरगावजवळचा डोंगर. निम्म्या वाटेवर ऋतिका धापा टाकत वर निघालीय. तिचे आईवडील, दैवशाला आणि आप्पाराव, वरून खाली येतायत.)

ऋतिका : आं? तुमी खाली कुठं निघालात?

आप्पाराव : झालं की. जाऊन आलो.

ऋतिका : कुठं जाऊन आलात?

आप्पाराव : माथ्यावर. तूच म्हनलीस न्हवं, माथ्यावर जायचं म्हनून? गेलो, दगडाला हात लावला, वळलो.

ऋतिका : अन् मी?

दैवशाला : हाका मारल्या बाई तुला. तू खाली फोटो काढायली व्हतीस. बूट नवेकोरे, अन् चाल गाभण म्हशीची.

ऋतिका : माय!

दैवशाला : खोटं हाय का? आमी चपलांवर जाऊन बी आलो.

आप्पाराव : एकदम फस्टक्लास झालं पोरी. मधी कुटं टेकलो न्हाई. पानी सुदीक प्यालो न्हाई.

ऋतिका : पण एवढी घाई कशाची होती, आबा?

दैवशाला : तुज्या बापाला वाटलं, वर मुकादम उभा हाय.

आप्पाराव : अन् म्होरं कोन पळत व्हतं? मी आपला मागं मागं, लगीन झाल्यापास्नं.

दैवशाला : डोक्यावर उसाची मोळी न्हाई म्हनल्यावर पाय पळनारच की.

ऋतिका : बरं, वरून काय काय दिसलं?

आप्पाराव : दिसलं की. लय दिसलं. काय दिसलं गं?

दैवशाला : मला काय इचारता? मी पायाखाली बघून चालायले व्हते.

ऋतिका : म्हणजे कुणीच काही बघितलं नाही!

आप्पाराव : आगं, आपलाच मुलुख. त्यात बघायचं काय? रोजच बघतो.

ऋतिका : रोज कुठं, आबा? दिवाळी झाली की तुमी ऊसतोडीला. लहानपणी मी आत्याजवळ. आता तुमी येता तवर मी परभणीला, हॉस्टेलवर. आपण तिघं कधी नुसतं बसलोय का? एकदा तरी?

दैवशाला : बसलो असंन की. तुज्या बारशाला.

ऋतिका : तेव्हा बी तू चुलीपुढं होतीस. आत्या सांगते.

दैवशाला : तिला बरं आटवतंय सगळं!

ऋतिका : मला त्या दगडाला हात लावायचा नव्हता गं. घरी बसा म्हणलं की तू झाडू घेतेस, आबा शेळ्या सोडतात. म्हणलं, डोंगरावर ना झाडू ना शेळी. तिथं तरी बसतील माझ्यापाशी.

आप्पाराव : आरं तिच्या! मग आदी सांगायचं न्हाई का? आमाला वाटलं, चढायचं काम हाय. काम म्हनल्यावर उरकून टाकलं.

ऋतिका : जाऊ द्या. परवा ट्रक येणार, बांधाबांध राहिलीय तुमची. चला खाली.

दैवशाला : कुटं खाली? व्हा हो माघारी.

आप्पाराव : परत वर? आगं, माजे गुडघे—

दैवशाला : मगाशी तर फस्टक्लास व्हते. ऋतिका, तू हो म्होरं. तुज्या चालीनं जाऊ.

ऋतिका : म्हशीच्या?

दैवशाला : म्हसच बरी. तिला वाटंल तिथं बसता येतं.

ऋतिका : (माथ्यावर पोचल्यावर) हां, आलो. टेका इथं. आबा, उकिडवं नाही. नीट मांडी घाला.

आप्पाराव : घातली. आता काय करायचं?

ऋतिका : काहीच नाही.

आप्पाराव : काहीच न्हाई? किती येळ?

दैवशाला : गप बसा की हो जरा. आगंबया, ते आपलंच घर का गं? काडेपेटीएवढं दिसायलंय.

ऋतिका : आपलंच.

दैवशाला : अन् तो रस्ता? आमचा ट्रक ह्याच रस्त्यानं जातो न्हवं? लय लांबपोतर दिसतो की हितून.

ऋतिका : पार त्या चिंचेच्या वळणापर्यंत दिसतो. तुमी निघालात की मी पळत इथं यायची. आत्याला न सांगता. ट्रक दिसेनासा झाला, तरी बसून राहायची.

आप्पाराव : चला, ऊन चढायलंय. शेळ्या सोडायच्यात—

दैवशाला : बसा खाली. ऊन लागलं तर लागू द्या. लेकरानं लय वर्सं एकटीनं बसून काढलीत हितं.