ड्रमात बुडलेली नळी

मथुरा : अहो, ड्रम अर्धा कसा? मघाशी गळ्यापर्यंत भरला होता.

भागोजी : गळला असेल.

मथुरा : खाली माती सुकी हाय. लावा हात.

भागोजी : मग नेलं कुणी? आंब्याच्या मोहोरावर मारायचं औषध ते. कोण पिणार हाय काय?

मथुरा : असं बोलू नका सकाळी सकाळी. नळी अजून आत बुडलीय. नळ बंद केलात?

भागोजी : रेडिओला बातम्या लागल्या नि पाणी गेलं, तसा मी चहाला आलो. पाणीच नाय तर बंद काय करायचं?

मथुरा : नळीच्या तोंडाला हात लावून बघा जरा.

भागोजी : ...ओढतेय गो. हात आत ओढतेय.

मथुरा : काढा ती आधी. वर काढा.

भागोजी : काढली. वरून पाणी सोडलं की फेस येतो, म्हणून तळाला घातली होती. औषध उलटं नळात गेलं गो.

मथुरा : नि नळातून?

भागोजी : उताराला. आपल्या खाली गोदूबाईचाच नळ. पाणी गेलं तरी ती हंडा लावून बसते, पाइपातलं उरलंसुरलं घ्यायला.

मथुरा : अहो, तिची गुणवंती बाळंत होऊन आठ दिवस झालेत.

भागोजी : तू धाव नि सांग तिला.

मथुरा : मला वळसा पडेल. तुम्ही मधल्या दगडी गडग्यावरून हाक मारा.

भागोजी : त्या फणसाच्या भांडणापायी तीन वर्षं बोललो नाय तिच्याशी.

मथुरा : मग आज बोला.

(भागोजी गडग्यावर चढतो.)

भागोजी : गोदूवैनी, हंड्यातलं पाणी कुणी प्यायलं काय?

गोदूबाई : कोण, भागोजी? वाचा फुटली वाटतं.

भागोजी : शिव्या मागाहून घाल. प्यायलं कुणी?

गोदूबाई : बाळंतिणीला गार पाणी कोण देतं? चुलीवर हाय, उकळलं की देते. पांढुरकं आलं खरं. म्हटलं, टाकीत ब्लीचिंग पावडर जास्त टाकली असेल.

भागोजी : उतरव ते. माझं औषध हाय त्यात, उकळून जायचं नाय. हंडा ओत, नळ बंद कर. पोरीला दिलं नाय ना?

गोदूबाई : दोनदा मागितलं तिने. मी दटावलं.

भागोजी : ...मथुरा, विहिरीची कळशी ने तिकडे. मी चावीवाल्याला गाठतो. लाइन धुतल्याबिगर उद्या पाणी सोडायचं नाय.

मथुरा : नि ही नळी?

भागोजी : आता ड्रमाच्या वर हातभर टांगायची.

मथुरा : फेस येतो म्हणता ना?

भागोजी : येऊ दे फेस.